अंगठे पकडायची घाई कशाला?

अरे, मेसेज वाचला तुझा. मायक्रोडिस्केक्टॉमी, म्हणजे कमरेच्या मणक्यांमधल्या गादीचं ऑपरेशन, होऊन महिना नाही झाला आणि तू गुडघे ताठ ठेवून पायाचे अंगठे पकडायला बघतोयस?! आधी ते बंद कर बाबा.

ऑपरेशनमध्ये पायाकडे जाणारी नस दाबणारा गादीचा तुकडा तेवढा काढतात, तो जिथून बाहेर आला ती गादीच्या कडेची भेग तशीच असते, आणि तिथे रक्तपुरवठा जवळजवळ नसल्यामुळे ती भरायला वेळ लागतो. म्हणून पहिले साधारण सहा आठवडे वाकणं, पिळणं, वजन उचलणं बंद. पाय दुखायचा थांबला की पोरांना वाटतं झालं काम. गोल्फर टायगर वूड्सचं हेच ऑपरेशन 2014 मध्ये झालं, तीन महिन्यांच्या आत गडी परत खेळायला, 2015 मध्ये पुन्हा दोनदा टेबलावर, 2017 ला मणके जोडून घेतले तेव्हा कुठे 2019 ची मास्टर्स ही मोठी गोल्फ स्पर्धा जिंकला. घाईमुळेच झालं असं मी म्हणत नाही, पण हाताशी सगळे एक्स्पर्ट असून ही गत.

लवचिकपणा हवाच रे, पण तो कमरेत नाही, खुब्यात शोधायचा. दिवसभर लॅपटॉपपुढे बसून मांडीमागचे हॅमस्ट्रिंग स्नायू आखडतात, ते बसायच्या हाडाला जोडलेले असल्यामुळे वाकताना पेल्विसला, म्हणजे कमरेखालच्या हाडांच्या कड्याला, पुढे झुकू देत नाहीत, मग उरलेलं सगळं वाकणं कमरेच्या गादीवर येतं. सर्जन आणि फिजिओ हो म्हणाले की उताणा झोप, तळव्याला टॉवेल अडकवून एक पाय हळू वर घे, कंबर जमिनीवरून हलता कामा नये. ताण मांडीत लागू दे. पोटरीत करंट गेल्यासारखं झालं किंवा मुंग्या आल्या तर स्नायू नाही, नस ताणली जातेय, पाय खाली.

मग झाडूचा दांडा पाठीला उभा लावून धर, डोकं, पाठ, माकडहाड तिन्हीकडे टेकलेला, गुडघे जरा सैल, आणि बूड मागे ढकलत वाक. दांडा कुठूनही सुटला की थांब, तुझं आजचं वाकणं तेवढंच. सुरुवातीला फारच कमी जमतं, हसू येतं स्वतःचं.

सकाळी उठल्या उठल्या मात्र काही ताणू नकोस, रात्रभरात गादी पाणी शोषून फुगलेली असते. उठतानाही कुशीवर वळ, पाय खाली सोड, हाताच्या जोरावर बस. पश्चिमोत्तानासन (पाय पसरून बसून पुढे वाकायचं आसन) सुचवणाऱ्या मंडळींना हो हो म्हण आणि चालायला जा. थोडं थोडं, दिवसातून चार वेळा.

पावलातला बधिरपणा जायला कधी कधी महिने लागतात, त्याचं टेन्शन नको. पण लघवी अडकली, बसायच्या जागी बधिर वाटलं किंवा पाऊल उचलेना, तर मला मेसेज टाकत बसू नकोस, रात्रीचे दोन का वाजले असेनात, सरळ हॉस्पिटल गाठ.