युरोपीय संघात देश किती : २७, २९ की ४६?

आपण विचारले आहे की युरोपीय संघाच्या सदस्यांची संख्या कुठे २७, कुठे २९, तर कुठे ४६ अशी का सापडते, आणि स्वित्झर्लंड व नॉर्वे हे देश एका नकाशात संघाच्या आत आणि दुसऱ्या नकाशात बाहेर कसे दिसतात. त्यालाच जोडून दोन व्यावहारिक शंकाही आहेत : शेंगेन व्हिसावर आयर्लंडला जाता येईल का, आणि जर्मनीत नोकरी करणाऱ्या आपल्या भाच्याला तोच परवाना घेऊन नेदरलँड्समध्ये काम करता येईल का. आधीच्या प्रतिसादांत निरनिराळ्या याद्यांची बरीच सरमिसळ झाली आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

युरोपीय संघाचे सदस्य देश २७ आहेत, आणि यात दुमत होण्याचे काही कारण नाही. १९५१ साली पॅरिसच्या करारावर सह्या करून फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग या सहा देशांनी आपला कोळसा व पोलाद एका सामाईक यंत्रणेच्या हाती सोपवले आणि १९५७ च्या रोम करारातून पुढची आर्थिक बांधणी केली. १९७३ मध्ये डेन्मार्क, आयर्लंड व ब्रिटन आले. १९८१ मध्ये ग्रीस. १९८६ मध्ये स्पेन व पोर्तुगाल. १९९५ मध्ये ऑस्ट्रिया, फिनलंड व स्वीडन. १ मे २००४ रोजी एकदम दहा देशांना प्रवेश मिळाला : पोलंड, चेकिया, स्लोव्हाकिया, हंगेरी, स्लोव्हेनिया, एस्टोनिया, लाटव्हिया, लिथुआनिया, माल्टा आणि सायप्रस. त्यानंतर २००७ मध्ये बल्गेरिया व रोमानिया आणि २०१३ मध्ये क्रोएशिया. ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन बाहेर पडल्यावर २८ चे २७ झाले. जुन्या पाठ्यपुस्तकांत आणि स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शकांत अजूनही २८ छापलेले दिसते, ते त्यामुळेच.

सदस्यत्वाचा अर्थ मात्र या यादीतून कळत नाही. सदस्य देश ठरावीक विषयांत कायदे करण्याचा आपला अधिकार संघाकडे देतो, त्या विषयांत संघाचा कायदा आपल्या संसदेच्या कायद्याच्याही वर मानतो आणि वाद झाल्यास लक्झेंबर्ग येथील न्यायालयाचा निकाल स्वीकारतो. त्या बदल्यात त्याला तो कायदा घडवण्यात वाटा मिळतो : युरोपीय संसदेच्या ७२० जागांपैकी जर्मनीकडे ९६ आहेत, तर माल्टाकडे ६, आणि मंत्र्यांच्या परिषदेत बहुतेक प्रस्ताव संमत होण्यासाठी किमान ५५ टक्के देश व त्यांच्याकडे मिळून संघाची किमान ६५ टक्के लोकसंख्या असावी लागते. परराष्ट्र धोरण, करआकारणी आणि नव्या सदस्यांचा प्रवेश यांसारख्या बाबतींत मात्र एकमत लागते, म्हणजे पाच-सहा लाख वस्तीचा माल्टाही जर्मनीला अडवू शकतो. कायदा पाळण्याचे बंधन आणि कायदा करण्याचा हक्क या दोन्ही गोष्टी ज्याच्याकडे आहेत तो सदस्य, ही खूणगाठ बांधली की पुढचा गोंधळ पुष्कळसा आपोआप सुटतो.

आता उरलेल्या दोन संख्या. २९ ही शेंगेन क्षेत्रातील देशांची संख्या आहे. लक्झेंबर्गमधील शेंगेन या गावाजवळ, मोझेल नदीतील एका बोटीवर, १९८५ साली पाच देशांनी आपापसांतील सीमांवरची तपासणी उठवण्याचा करार केला आणि १९९५ पासून तो प्रत्यक्षात आला. आज त्यात संघाचे २५ सदस्य आणि संघाबाहेरचे चार देश, म्हणजे नॉर्वे, आइसलँड, स्वित्झर्लंड व लिख्टेनस्टाइन, सामील आहेत. आयर्लंड व सायप्रस हे सदस्य असूनही त्यात नाहीत. ४६ ही संख्या तर संघाची नव्हेच. ती १९४९ मध्ये स्थापन झालेल्या, स्ट्रासबर्ग येथे मुख्यालय असलेल्या ‘कौन्सिल ऑफ युरोप’ या निराळ्या संस्थेची आहे. मानवी हक्कांचे युरोपीय न्यायालय तिचे. तुर्कस्तान, ब्रिटन, अझरबैजान हे सगळे तिचे सदस्य आहेत आणि २०२२ च्या मार्चमध्ये रशियाला काढल्यावर ही संख्या ४७ वरून ४६ वर आली. गोंधळात भर म्हणून निळ्या पार्श्वभूमीवर बारा ताऱ्यांचा झेंडाही मुळात या संस्थेचाच. तिने तो १९५५ मध्ये स्वीकारला आणि आज संघ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या समुदायाने तीस वर्षांनी उचलला. त्यामुळे ते तारे मोजून सदस्यसंख्या काढण्याचा प्रयत्न करू नये.

स्वित्झर्लंड आणि नॉर्वे यांच्याबद्दल ‘श्रीमंत आहेत, त्यांना गरज काय’ असे एका वाक्यात उत्तर दिले गेले आहे, ते मला पटत नाही. नॉर्वेच्या सरकारांनी दोनदा प्रवेशाची बोलणी पूर्ण करून आणली आणि १९७२ व १९९४ अशा दोन्ही सार्वमतांत जनतेने ती फेटाळली. दुसऱ्या खेपेस विरोधात ५२ टक्क्यांहून थोडी अधिक मते पडली. किनाऱ्यावरच्या मच्छीमारांना आपले समुद्र सामाईक मत्स्यधोरणाखाली जाऊ द्यायचे नव्हते आणि उत्तरेकडच्या शेतकऱ्यांना स्वस्त आयातीची धास्ती होती. दुसऱ्या सार्वमताच्या आधीच, १९९४ च्या सुरुवातीपासून, मधला मार्ग म्हणून नॉर्वे व आइसलँड आणि १९९५ पासून लिख्टेनस्टाइन हे ‘युरोपीय आर्थिक क्षेत्रा’च्या करारातून संघाच्या बाजारपेठेत शिरले होते. शेती आणि मासेमारीची सामाईक धोरणे त्यातून वगळलेली आहेत. पण वस्तूंचे निकष, कामगार कायदे, बँकांचे नियम, लोकांच्या ये-जा करण्याचा हक्क हे सगळे नॉर्वेला लागू होते, आणि संघातील तुलनेने गरीब देशांसाठी तो निधीही देतो. हे नियम ठरतात त्या मतदानात मात्र ऑस्लोचे मत नसते. माझ्या मते जनतेने डोळे उघडे ठेवून पत्करलेला हा सौदा आहे, पण त्याला पूर्ण स्वातंत्र्य म्हणणे ही अतिशयोक्ती होईल.

स्वित्झर्लंडने तर हाही करार नाकारला. डिसेंबर १९९२ मधील सार्वमतात विरोधी मते ५०.३ टक्के होती, म्हणजे अगदी निसटता नकार. त्याच वर्षी सरकारने सदस्यत्वासाठी अर्जही करून ठेवला होता. तो कागदोपत्री तसाच पडून राहिला आणि २०१६ मध्ये रीतसर मागे घेतला गेला. त्यानंतर स्विस लोकांनी शंभराहून अधिक स्वतंत्र द्विपक्षीय करारांतून संघाशी व्यवहार जमवला आणि २००५ च्या सार्वमताने शेंगेनलाही होकार दिला. ही व्यवस्था प्रत्यक्ष कशी चालते हे बाझेल शहरात चांगले दिसते. तिथून आठ नंबरची ट्राम सीमा ओलांडून थेट जर्मनीतील व्हाइल आम ऱ्हाइन या गावी जाते. स्विस कुटुंबे स्वस्त किराण्यासाठी तिकडे जातात, परतताना जर्मन कराचा परतावा मिळावा म्हणून बिलासोबतच्या फॉर्मवर सीमाशुल्क कचेरीचा शिक्का घेतात, आणि मग स्विस बाजूचे नियम लागू होतात : ताजे मांस माणशी एक किलोपर्यंत, आणि २०२५ पासून करमाफ खरेदी माणशी १५० फ्रँकपर्यंत, पूर्वी ती ३०० होती. पासपोर्ट सहसा कोणी विचारत नाही, पिशवीतले मांस मात्र विचारले जाऊ शकते. कारण स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये आहे, पण संघाच्या सीमाशुल्क संघात, म्हणजे आपसात जकात नाही आणि बाहेरच्या मालाला सर्वांची एकच जकात अशा व्यवस्थेत, नाही.

तुर्कस्तानची स्थिती नेमकी उलटी आहे. १९९५ च्या अखेरीपासून तो संघाशी सीमाशुल्क संघाने बांधलेला आहे, त्यामुळे तिथला कारखान्यातील माल जकातीविना संघात येतो. पण तो माल आणणाऱ्या ट्रकच्या चालकाला व्हिसा लागतो आणि बल्गेरियाच्या सीमेवरील कापिकुले नाक्यावर ट्रकच्या लांबच लांब रांगा लागतात. शिवाय संघाने एखाद्या तिसऱ्या देशाशी मुक्त व्यापार करार केला की त्या देशाच्या मालासाठी तुर्कस्तानलाही दार उघडावे लागते, पण त्या देशाची बाजारपेठ तुर्की मालाला आपोआप खुली होत नाही. भारत आणि संघ यांच्यातील व्यापाराच्या बातम्या वाचताना ही बाब लक्षात ठेवण्यासारखी आहे.

चलनाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण ते प्रश्नात नव्हते, पण प्रतिसादांत आले आहे. १ जानेवारी २०२६ रोजी बल्गेरिया सामील झाल्यावर युरो वापरणारे सदस्य २१ झाले. डेन्मार्क, स्वीडन, पोलंड, चेकिया, हंगेरी व रोमानिया यांची स्वतःची चलने आहेत. यांपैकी डेन्मार्कने युरोतून कायदेशीर सूट घेतलेली आहे. स्वीडनला तशी सूट नाही, पण २००३ च्या सार्वमतात लोकांनी नकार दिल्यापासून युरो घेण्याआधी ज्या विनिमयदर व्यवस्थेत सामील व्हावे लागते तीत त्या देशाने पाऊलच टाकलेले नाही आणि कोणी त्याला फारसे टोकतही नाही. उलट मॉन्टेनेग्रो आणि कोसोव्हो संघाबाहेर असून कोणाची परवानगी न घेता युरो वापरतात. तेव्हा खिशातल्या नाण्यावरूनही सदस्यत्व ओळखता येत नाही.

‘युक्रेनला सरळ घेऊन का टाकत नाहीत’ या उपप्रश्नाचा उलगडा उत्तर मॅसेडोनियाच्या कहाणीत होतो. हा देश २००५ पासून उमेदवार आहे. ‘मॅसेडोनिया’ हे नाव आपल्या प्रांताचे आहे म्हणून ग्रीसने त्याला वर्षानुवर्षे अडवून धरले. शेवटी २०१८ च्या प्रेस्पा करारानुसार त्याने स्वतःचे नाव बदलून ‘उत्तर मॅसेडोनिया’ असे केले. त्यानंतर २०१९ मध्ये फ्रान्सने आणि २०२० मध्ये बल्गेरियाने हरकत घेतली. बल्गेरियाचा आक्षेप तर इतिहास आणि भाषा यांवरचा होता. आता राज्यघटना दुरुस्त करून तीत बल्गेरियन समाजाचा उल्लेख करा, अशी अट त्याच्यापुढे आहे. लोकशाही, कायद्याचे राज्य आणि टिकाऊ अर्थव्यवस्था हे १९९३ मध्ये कोपनहेगन येथे ठरलेले निकष पुरे करणे हे अर्धेच काम असते; उरलेले अर्धे म्हणजे प्रत्येक विद्यमान सदस्याची मर्जी सांभाळणे. उमेदवारांत सर्बिया, मॉन्टेनेग्रो, अल्बानिया, बोस्निया, मोल्दोव्हा, जॉर्जिया आणि तुर्कस्तानही आहेत, आणि ‘उमेदवार’ या शब्दावरून प्रवेश जवळ आला असे समजू नये. तुर्कस्तान १९९९ पासून उमेदवार आहे. भूगोलाची अटही खरी आहे : मोरोक्कोचा १९८७ चा अर्ज तो युरोपीय देश नाही म्हणून परत गेला. गंमत अशी की फ्रान्सचा भाग असलेले रेयुनिओं हे मादागास्करच्या पूर्वेचे बेट मात्र संघात आहे, म्हणजे युरोपीय संघ आपल्या हिंदी महासागरातही पोचलेला आहे.

आता आपल्या प्रवासाकडे वळू. जर्मनी आणि स्वित्झर्लंड एकाच शेंगेन व्हिसावर होतील. आयर्लंड त्यात येत नाही. ब्रिटन व आयर्लंड यांच्यात जुनी परस्पर प्रवासव्यवस्था आहे. आयर्लंड शेंगेनमध्ये गेला तर ब्रिटनचा भाग असलेल्या उत्तर आयर्लंडच्या सीमेवर पुन्हा चौक्या बसवाव्या लागतील, आणि तिथला हिंसाचार थांबवणाऱ्या १९९८ च्या शांतता करारानंतर ते कोणालाच नको आहे. आपल्याला आयर्लंडचा वेगळा व्हिसा काढावा लागेल. भारतीय पासपोर्टधारकांना ब्रिटन-आयर्लंड संयुक्त योजनेची नोंद असलेल्या अल्पकालीन ब्रिटिश व्हिसावरही तिथे जाता येते. यात बरेच जण एका ठिकाणी फसतात, तेवढे जपा : आधी जर्मनी, मग डब्लिन आणि परत येताना फ्रँकफर्टहून विमान असा बेत असेल, तर आपण शेंगेनमधून एकदा बाहेर पडून पुन्हा आत येणार आहात. व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल तर डब्लिनहून निघतानाच विमान कंपनी आपल्याला अडवील. अर्ज करतानाच अनेक प्रवेशांची मागणी करावी, किंवा आयर्लंड शेवटी ठेवून तिथूनच मायदेशी परतावे.

भाच्याच्या बाबतीत मूळ भेद नागरिक आणि परवानाधारक यांच्यातला आहे. कोणत्याही सदस्य देशात जाऊन काम करण्याचा हक्क संघाच्या नागरिकाला आहे. भारतीय पासपोर्टवर जर्मन परवाना घेऊन राहणाऱ्याला तो मिळत नाही. त्याला शेंगेनमध्ये १८० दिवसांतील ९० दिवस फिरता येईल, पण ॲमस्टरडॅममध्ये नोकरी धरता येणार नाही. हा फरक किती मोठा आहे हे गोवेकरांना ठाऊक आहे. १९६१ पूर्वी पोर्तुगीज अमलात जन्मलेल्यांना आणि ठरावीक पिढ्यांपर्यंत त्यांच्या वारसांना पोर्तुगालच्या कायद्याने नागरिकत्वाची नोंद करता येते. तसे करून, भारतीय नागरिकत्व सोडून, हजारो गोवेकर इंग्लंडमधील स्विंडनसारख्या शहरांत स्थायिक झाले, कारण तेव्हा ब्रिटन संघात होते. २०२० अखेरपर्यंत जे तिथे राहायला गेले होते त्यांना ब्रिटनच्या स्थायिक योजनेतून अर्ज करून हक्क राखता आले. त्यानंतर पोर्तुगीज पासपोर्ट लिस्बन, पॅरिस किंवा डब्लिनला चालतो, स्विंडनला नोकरीसाठी चालत नाही.

आपल्या भाच्याकडे कोणता परवाना आहे ते आधी पाहावे. साधा जर्मन कामाचा परवाना असेल तर नेदरलँड्सच्या नियमांनुसार नव्याने सगळे करावे लागेल. संघाचे ‘ब्लू कार्ड’, म्हणजे संघाबाहेरच्या उच्चशिक्षित नोकरदारांसाठीचा परवाना, असेल आणि त्यावर जर्मनीत बारा महिने पूर्ण झाले असतील, तर पात्र नोकरीचा करार हाती असताना तो नेदरलँड्सला जाऊन तिथल्या ब्लू कार्डासाठी एका महिन्याच्या आत अर्ज करू शकतो. डच पगारमर्यादा तेवढी पुरी व्हायला हवी. डेन्मार्क आणि आयर्लंड ही योजना राबवत नाहीत, म्हणून त्याचे मन कोपनहेगनकडे वळले तर हा मार्ग उपयोगाचा नाही.