'लीफ' : पानाचा नव्हे, मनाचा

विचारणा अशी : जुन्या इंग्रजी नाटकात 'आय हॅड ॲज लीफ…' असं वाचलं, हा 'लीफ' म्हणजे झाडाचं पान का?

नाही. उच्चार तोच, पण शब्द निराळा. याचं स्पेलिंग एल-आय-ई-एफ. हे क्रियाविशेषण आहे, अर्थ 'खुशीने, राजी होऊन'. तयारी आहे, पण ती मनाची; सामानसुमान बांधून निघायची नव्हे.

कोशातला अर्थ बघून 'स्वेच्छेने' असं भाषांतर केलं तर मात्र वाक्यातला जीव जातो. हा शब्द बहुधा दोन गोष्टी तोलताना येतो. 'हॅम्लेट'च्या तिसऱ्या अंकात राजपुत्र नटांना बजावतो की संवाद सहज म्हणा. ओरडूनच म्हणणार असाल, तर 'आय हॅड ॲज लीफ द टाउन-क्रायर स्पोक माय लाइन्स'. आपण काय म्हणू? 'त्यापेक्षा दवंडीवाल्याने म्हटलेल्या काय वाईट!' आपलं 'एक वेळ उपाशी राहीन, पण…' हेही याच जातीचं. आज इंग्रजीत ही जागा 'वुड रादर'ने घेतली आहे; 'लीफ' क्वचितच कानावर पडतो.

मुळात हे विशेषण. प्राचीन इंग्रजीत 'लेओफ' म्हणजे प्रिय. तेव्हा 'त्याला अमुक अधिक प्रिय होतं' अशी रचना असे, अगदी आपल्या 'मला आवडतं'सारखी, चतुर्थी घेऊन. पुढे 'मला'चा 'मी' झाला आणि 'आय हॅड' आलं. त्या 'हॅड'चा अर्थ लागत नाही म्हणून वाचक अडखळतो, ते यामुळेच.

आता गोतावळा पाहा. जर्मन 'लीब' (प्रिय), इंग्रजी 'लव्ह', इतकंच काय 'बिलीव्ह'सुद्धा याच मुळाचे. ल, मग स्वर, मग ओठांवरचं व्यंजन : कुठे ब, कुठे फ, कुठे व. संस्कृतात तिथे भ आहे. धातू 'लुभ्', आणि त्यावरून लोभ!

मला यातलं हेच सर्वांत आवडतं. षड्रिपूंत गणलेला लोभ मराठीत मायेचा झाला. 'लोभस' बाळ आपण कौतुकाने म्हणतो आणि पत्राच्या शेवटी लिहितो, 'लोभ असावा ही विनंती.' वाट वेगळी, पण पोचलो 'लेओफ'च्याच अर्थाशी.