गुरगुरली तर गुरगुरू दे

चि. पोरी,

अनेक आशीर्वाद. शिवाजी पुलाजवळून आणलेली कुत्री दिवाणाखालून बाहेरच येईना म्हणून तू हिरमुसलीस, असं तुझी आई म्हणाली. अगं, ती रुसलेली नाही, भेदरलीय. वाटी दिवाणाच्या कडेला सरकव आणि खोलीतून निघून जा. घर निजल्यावर खाईल. दिवसभर अन्नाला शिवलीच नाही किंवा उलट्या-जुलाब दिसले, तर मात्र डॉक्टर गाठ. बघायला गल्ली गोळा करू नकोस. कानाचं टोक छाटलेलं असेल तर नसबंदी झालेली असणार. तरी तिला रेबीजची लस टोचून घे आणि कागद जपून ठेव.

खायला भात, उकडलेलं अंडं, बिनमसाल्याचं चिकन. रविवारचा उरलेला रस्सा अजिबात नाही. कांदा-लसणानं कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, आणि शिजलेल्या हाडाची कपची आतडं फाडते. हे तुझ्या आजीला पटवणं तुझ्याकडं लागलं, मी त्यात पडणार नाही!

खरी परीक्षा पुढंच आहे. काही आठवड्यांनी ती मोकळी होईल आणि एक दिवस कुणावर तरी गुरगुरेल. 'खाऊन-पिऊन आमच्यावरच उलटली' म्हणून कुणीतरी चप्पल उचलेल. उचलू देऊ नकोस. गुरगुरून ती 'लांब राहा' एवढंच सांगते. मार खाऊन सांगायचं बंद झाली, तर पुढच्या वेळी सरळ चावा घेईल. त्याआधीही ती बोलत असतेच: तोंड फिरवते, ओठ चाटते, झोप नसताना जांभई देते, डोळ्याच्या कडेला पांढरं दिसू लागतं. तेवढ्यावर हात मागे घ्यायचा. ती जेवताना, झोपलेली असताना धाकट्यानं हात लावायचा नाही, हे त्याला रोज बजाव.

चुकून दात लागलाच तर हळद-चुना फासत बसू नका. साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस सुरू करा.

गणपती तोंडावर आलेत. महाद्वार रोडला डॉल्बी लागला की माणसांच्याही छातीत धडधडतं, तिचे कान तर आपल्यापेक्षा कितीतरी तिखट. मिरवणुकीदिवशी तिची फेरी दुपारीच उरकून घे. मग तिला आतल्या खोलीत ठेव, खिडक्या लाव, पंखा आणि टीव्ही चालू राहू दे. घाबरलेलं कुत्रं उघड्या दारातून सुसाट पळतं, म्हणून पट्ट्यावर फोन नंबर आजच लिही. तुझा नको, आईचा लिही. तुझा कायम सायलेंटवर असतो.

तुझा,
काका