नागीण आणि रक्त पातळ करायची गोळी

"मॅडम, रक्त पातळ करायची गोळी लागली अन् नागीण उठली. बंद करावी का?" लातूरमध्ये हृदयरोग्यांचं समुपदेशन करताना हा प्रश्न मला पुन्हा पुन्हा ऐकू येतो. काही जण तर विचारतही नाहीत, परस्पर गोळी बंद करतात.

औसा तालुक्यातले एक मामा त्यातलेच. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) वय साठीच्या पुढं, साखरेचा त्रास, सोयाबीन-तुरीची शेती. हिवाळ्यात हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट (ती उघडी ठेवणारी बारीक जाळीची नळी) बसवला, अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या रक्त पातळ करायच्या गोळ्या सुरू झाल्या. उन्हाळ्यात डाव्या बरगडीखाली आग आग होऊन फोडांचा पट्टा उठला. गावात कुणीतरी गेरू लावून नागीण उतरवली आणि मामांनी गोळ्या कपाटात टाकल्या. चार दिवसांनी सून घेऊन आली.

अशा वेळी मी बोलत बसत नाही. आधी त्यांच्या हृदयाच्या डॉक्टरांना फोन लावला. स्टेंट असताना या गोळ्या अचानक थांबवल्या तर त्यात गुठळी होऊन झटका येऊ शकतो. डॉक्टरांच्या सांगण्यावरून गोळ्या त्याच संध्याकाळी सुरू झाल्या, पण सुनेच्या धाकानं.

"रक्त पातळ झालं की अंगातली ताकद जाती, अन् मग रोग शिरतो," मामांचं म्हणणं ठाम होतं.

मी सांगितलं, या गोळ्यांनी रक्ताचं पाणी होत नाही. फक्त गुठळी लवकर धरत नाही. रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचं काम चालूच राहतं. वॉरफरिन, अ‍ॅपिक्साबॅन या रक्त पातळ करायच्या दुसऱ्या गोळ्यांचंही तसंच. हिरड्यांतून रक्त येणं, अंगावर काळेनिळे डाग, काळी शौच हे या गोळ्यांचे खरे त्रास. नागीण त्यात मोडत नाही.

मामांनी मान हलवली, पण पटलं नव्हतं. घटनेपेक्षा तिला आपण लावलेला अर्थ माणसाला जास्त घाबरवतो, असं मी मानते. आणि तो अर्थ ज्याचा त्यानंच बदलावा लागतो. म्हणून पुढच्या भेटीत एवढंच विचारलं, "मामा, लहानपणी कांजण्या आल्या होत्या का?"

"आल्या की. माईनं लिंबाच्या पाल्यावर निजवलं होतं."

"कांजण्यांचा तो विषाणू तेव्हापासून तुमच्या अंगातच आहे. पाठीच्या कण्याजवळ, नसांच्या मुळाशी. वय झालं, साखर वाढली, प्रतिकारशक्ती कमी पडली की तो जागा होतो आणि त्याच नसेवाटे कातडीवर येतो. म्हणून पट्टा एकाच बाजूला."

मामा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हंजे चोर घरातलाच! अन् आम्ही धरलं नव्या सालगड्याला."

हे वाक्य मी नंतर कितीतरी जणांना सांगितलं आणि दर वेळी समोरचा चेहरा सैल होताना पाहिला. मन दोष देतं ते सगळ्यात नव्या गोष्टीला. हृदयाच्या गोळ्या लागण्याचं वय आणि नागीण उठण्याचं वय एकच असल्यानं दोन्हींची गाठ पडते, इतकंच. पण मामांच्या संशयाखाली आणखी काही होतं. "मला आजवर गोळी माहीत नव्हती," हे ते प्रत्येक भेटीत म्हणत. जन्मभराचं पेशंट होण्याचा तो राग होता. आमचा जास्त वेळ त्यावरच गेला, आणि तो सार्थकी लागला.

नागिणीचं तोंड-शेपूट मिळालं की माणूस जातो, ही भीती त्यांच्या घरातही होती. ती निराधार आहे. खरी घाई औषधाची करावी. विषाणूविरोधी गोळ्या पुरळ उठल्यापासून 72 तासांच्या आत सुरू झाल्या तर उत्तम, आणि गेरू-मंत्रात नेमके हेच तास जातात. पुरळ कपाळावर, डोळ्याजवळ किंवा नाकाच्या शेंड्यावर असेल तर त्याच दिवशी डोळ्यांचे डॉक्टर गाठावेत. दुखतं म्हणून मेडिकलमधून डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन घेऊ नये. रक्त पातळ करणाऱ्या गोळीसोबत त्यानं पोटात रक्तस्राव होऊ शकतो. नागिणीनंतर काही काळ पक्षाघाताचा धोका वाढलेला असतो, म्हणून गोळी सोडायला ही वेळ तर सगळ्यात वाईट.

मामांची आग दोनेक महिने राहिली, पण गोळी चुकली नाही. आता ते मामींसाठी नागिणीच्या लसीची चौकशी करतात. ही लस पन्नाशीपुढच्यांना देतात, दोन ते सहा महिन्यांच्या अंतरानं दोन डोस. नागीण होऊन गेलेल्यांनाही घेता येते. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर टोचणाऱ्याला आधी सांगावं, म्हणजे सुईची जागा ते जास्त वेळ दाबून धरतात.