दवाखान्यात हवा येते, पण जाते कुठून?

दवाखान्याची आतली रचना आणि खेळती हवा यांबद्दल नागपुरातल्या डॉक्टरांकडून आलेले काही प्रश्न आणि त्यांची उत्तरे.

मानेवाड्यात तळमजल्यावर १० बाय २४ फुटांचा, १० फूट उंचीचा गाळा घेतलाय. पुढे शटर, दोन्ही बाजूंना दुसरे गाळे, मागे मोकळी गल्ली, पण भिंत बंद. पुढे वेटिंग आणि मागे तपासणी करायची आहे. एसीशिवाय भागेल का?

भागेल, पण मागची भिंत फोडावी लागेल. एकाच बाजूने उघड्या खोलीत बाहेरची हवा उंचीच्या साधारण दुपटीपर्यंतच पोचते. तुमचं छत १० फुटांवर आहे, म्हणजे शेवटचे चार फूट कोंदटच राहणार आणि डॉक्टरांची खुर्ची नेमकी तिथेच येते. मागच्या भिंतीत सात फुटांच्या वर ४ बाय २ फुटांची काचपट्ट्यांची खिडकी काढा. वर लिंटेल (भिंतीचा भार पेलणारी आडवी तुळई) टाकल्याशिवाय वीट हलवू नका, कॉलम-बीमला हात लावू नका आणि मालकाची लेखी संमती घ्या. सरकती खिडकी नको, ती सहसा निम्म्याहून जास्त उघडत नाही.

मग पार्टिशन. ते छताला भिडवलं तर खिडकी काढूनही उपयोग नाही. माथ्यावर ८ फूट लांब आणि ९ इंच उंच फट ठेवा. पेशंटचं बोलणं बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून फटीच्या आत ९ इंचांवर छतापासून एक फळी खाली सोडा, फटीच्या कडेपेक्षा थोडी खाली. हवा वळसा घेऊन जाते आणि आवाज बराच अडतो. फळीवर पुसता येईल असं ध्वनिशोषक पॅनल लावा. साधं कापड धूळ धरतं.

आता हिशेब. सर्वांत लहान वाट किती चौरस मीटर, गुणिले वाऱ्याचा वेग, गुणिले ०.६५, गुणिले १०००, म्हणजे सेकंदाला किती लिटर हवा ते कळतं. तुमच्याकडे सर्वांत लहान वाट म्हणजे पार्टिशनवरची फट, ६ चौरस फूट, म्हणजे ०.५६ चौरस मीटर. सेकंदाला अर्धा मीटर झुळूक धरली तर सुमारे १८० लिटर. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या मार्गदर्शिकेत ओपीडीसाठी दर पेशंटमागे सेकंदाला ६० लिटर सांगितले आहेत. म्हणजे आत एका वेळी तीन पेशंट. बाकीच्यांसाठी शटरपुढे सहा फुटांची शेड आणि बाक करा. सकाळ-संध्याकाळच्या ओपीडीला वर्षातले बरेच महिने तिथे आतल्यापेक्षा बरं वाटतं.

वारा पडला की पंखा लागेलच, ताशी ६५०-७०० घनमीटर हवा प्रत्यक्ष हलवणारा. इथे एक चूक हमखास होते. मागे एक्झॉस्ट लावला की वेटिंगमधली खोकल्याची हवा डॉक्टरांच्या तोंडावरून बाहेर जाते. म्हणून पंखा उलटा बसवा, गल्लीतली हवा आत घेणारा. गल्लीत उघडी नाली किंवा जनरेटर नसावा, एवढी मात्र खात्री करा. ताजी हवा आधी डॉक्टरांना, मग पेशंटला, मग वेटिंगमधून रस्त्यावर. उद्घाटनापूर्वी टेबलावर पेटती उदबत्ती धरून बघा: धूर पेशंटच्या खुर्चीकडे झुकून फटीकडे सरकला पाहिजे. जागीच घुटमळला तर कुठेतरी वाट अडली आहे.

महालात जुना दवाखाना आहे, लहान मुलं येतात. मे महिन्यात खिडक्या उघडल्या की ४५ अंशांची हवा आत, आणि बंद करून स्प्लिट एसी लावला की सगळे एकमेकांचीच हवा घेतात. मधला मार्ग काय?

कूलर. नागपूरकरांना हे सांगायची गरज नाही, पण कूलर फक्त गारवा देत नाही, तो बाहेरची ताजी हवा आत ढकलतो. साधा स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवतो. कोरड्या दुपारी बाहेर ४४ असेल तर चांगल्या ताट्यांचा (पाणी झिरपणाऱ्या बाजूच्या जाळ्यांचा) कूलर २७-२८ अंशांची हवा देतो.

अट एकच: कूलर खिडकीबाहेर हवा आणि समोरच्या बाजूला हवेला जायची वाट हवी. ताशी ३००० घनमीटरच्या कूलरला निदान ४ चौरस फूट उघडं पाहिजे. दार-खिडक्या लावून कूलर चालवला की तासाभरात चिकचिक होते, कागद ओले लागतात आणि मग 'कूलर काम करत नाही' अशी तक्रार येते. झोत मुलाच्या अंगावर थेट नको. कूलर रिसेप्शनच्या मागे, बाहेर जाणारी खिडकी बसायच्या जागेच्या पलीकडे. नेब्युलायझरची (औषधाची वाफ देणाऱ्या यंत्राची) खुर्ची त्या खिडकीलगतच ठेवा.

पहाटे पाचपासून सगळं उघडं ठेवा, उन्हं चढली की बंद करा आणि कूलर सुरू करा. बोअरचं पाणी असेल तर ताट्यांवर पांढरा थर चढतो, म्हणून टाकीतलं थोडं पाणी रोज सोडा. आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून कडा ब्रशने घासा. डासांची अंडी कडेला चिकटतात आणि वाळली तरी जगतात, नुसतं पाणी बदलून भागत नाही. जूनच्या मध्यानंतर हवा दमट झाली की पंप बंद, फक्त पंखा.

वरच्या मजल्यावर फिजिओथेरपी सेंटर आहे. पश्चिमेची भिंत रात्री नऊपर्यंत तापलेली असते. जाड पडदे लावले, फरक नाही.

पडद्यापर्यंत आलेलं ऊन आत आलेलंच असतं. ते बाहेर अडवा: भिंतीपासून सहा इंच सोडून बांबूच्या चिका किंवा उभी जाळी. पश्चिमेला छज्जा फार उपयोगी नाही, संध्याकाळचा सूर्य त्याच्या खालून येतो. छज्जा दक्षिणेला चालतो. चार फुटी खिडकीवर दोन फुटांचा छज्जा एप्रिलच्या दुपारी पूर्ण सावली देतो आणि डिसेंबरात दुपारी निम्म्या खिडकीतून ऊन आत येऊ देतो. गच्चीला चुना किंवा पांढरा चायना मोझेक, तोही मार्चच्या आत.

पेशंट घाबरून येतात. आत शिरताच शांत वाटावं म्हणून सगळ्या भिंतींना हिरवा रंग द्यायचा विचार आहे. ठीक आहे का?

वेटिंगमध्ये फिका हिरवा चालेल. तपासणीच्या खोलीत मात्र नको, आणि हे आम्ही आग्रहाने सांगतो. हिरव्या-पिवळ्या भिंतीवरून परतणारा उजेड त्वचेवर पडतो, मग फिकटपणा आणि कावीळ ओळखताना डोळा फसतो. तिथे मळकट पांढरा रंग, बाजूने येणारा दिवसाचा उजेड आणि ४००० केल्विनचा (मध्यम पांढऱ्या उजेडाचा), रंग खरे दाखवणारा, म्हणजे सीआरआय ९० च्या वरचा दिवा. वेटिंगमध्ये ३००० केल्विन, म्हणजे पिवळसर उजेड पुरे.

दिवा पंख्याच्या वर कधीच नको. फिरत्या पात्यांमुळे भिंतीवर सावली लुकलुकते. डोकं दुखणाऱ्या पेशंटला ती असह्य होते आणि तिथे रोज बसणाऱ्यांच्या लक्षातही येत नाही. छताचे दिवे पात्यांच्या घेराबाहेर सरकवा.

खुर्च्या समोरासमोर मांडू नका, अनोळखी माणसाच्या नजरेला नजर देत बसणं आजाऱ्याला जड जातं. काटकोनात मांडा, तोंड उजेडाकडे, पाठीला भिंत. नंबर पुकारला की ऐकू यावं आणि दार दिसावं, निम्मी घालमेल तिथेच थांबते. दाराला रबरी पट्टी आणि क्लोजर (दार हळू बंद करणारा दांडा) लावा. दिवसभर आपटणाऱ्या दाराची भरपाई कुठल्याही रंगाने होत नाही.

मनी प्लँट ठेवले तर हवा शुद्ध होते ना?

दवाखान्यात जाणवेल इतकी होत नाही. डोळ्याला बरी वाटतात म्हणून जरूर ठेवा, पण पाण्याच्या बाटलीत नाही, मातीत. कुंडीखालची बशी रोज कोरडी करा.