पालकत्वाच्या वर्गाला गेल्याने मुलांना मारणं खरंच थांबतं का?

ताई, तुम्ही लिहिलंय की गावात पालकत्वाचा वर्ग सुरू होतोय, तुम्हाला जायचंय आणि मिस्टर म्हणतात थोतांड आहे. हात थांबतो का, हा तुमचा प्रश्न. थांबतो. पण तुम्ही एकट्याच गेलात तर अर्धाच.

मी यवतमाळ जिल्ह्यात एकवीस वर्षं अंगणवाडी सेविका आहे. पालक मेळावे घेणारी मीच, म्हणजे तुमच्या मिस्टरांच्या हिशेबाने थोतांड मांडणारीच मी. म्हणून लिहायला बसले.

काही वर्षांपूर्वी आम्हाला ‘आरंभ’चं, म्हणजे लहान लेकरांच्या पालकांसाठीच्या कार्यक्रमाचं, प्रशिक्षण मिळालं. युनिसेफ आणि सेवाग्रामच्या मेडिकल कॉलेजवाल्यांचं. लेकराशी बोला, खेळा, चुकलं तर काय करायचं नाही यापेक्षा काय करायचं ते सांगा, राग आला तर आधी तिथून उठा. मी त्यात माझा एक खेळ घातला. झाकणाला भोक पाडलेला स्टीलचा डबा फिरवायचा. या आठवड्यात लेकरावर हात उचलला असेल तर तुरीचा दाणा टाकायचा, नसेल तर हरभऱ्याचा. कोणी काय टाकलं ते कोणाला कळत नाही.

पहिल्याच मेळाव्यात सव्वीस बाया होत्या. डबा फिरून माझ्याकडे आला आणि मी झाकण उघडणार, तेवढ्यात आमची मदतनीस म्हणाली, “ताई, तुमचा राहिला.”

तिचं घर माझ्या घराच्या मागच्या भिंतीला लागून. तिला सगळं ऐकू जातं. त्या दिवशी सकाळी माझा चौथीतला मुलगा सातच्या पाढ्यात अडकला होता. सात सक चव्वेचाळीस म्हणाला, तिसऱ्यांदा. मी हातातलं लाटणं त्याच्या पाठीत घातलं. आदल्या रात्री घरात काय झालं होतं ते इथे लिहीत नाही, पण पाढ्याचा त्यात काही दोष नव्हता.

मी सगळ्यांसमोर तुरीचा दाणा उचलला आणि टाकला. सुनेसोबत आलेली एक म्हातारी म्हणाली, “मास्तरीणबाईच्या घरीबी हेच हाय का माय!” मग डबा ओतला. सत्तावीस दाण्यांत हरभरे तीन.

त्यानंतर बाया जे बोलल्या ते प्रशिक्षणाच्या कोणत्याच पुस्तकात नव्हतं. नवरा पिऊन आला की दुसऱ्या दिवशी लेकरं मार खातात, हे एकीने सांगितलं आणि दहा जणींनी माना हलवल्या. लाटणं मी तेव्हापासून उचललं नाही. धपाटा दोनदा दिला, खोटं कशाला सांगू.

रात्री हे सगळं आमच्या ह्यांना सांगितलं. उत्तर ठरलेलं: “आमच्या बाबांनी कासऱ्याने फोडलं म्हणून मी नोकरीला लागलो.” अहो, तोच कासरा, तोच गोठा, तुमच्या धाकट्या भावालाही होता. तो चौदा वर्षं घरी फिरकला नाही, आला तो थेट बाबांच्या तेरवीला. त्याचा हिशेब कोण मांडणार? माझी मुलगी एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची पदवी, करते. तिने ह्यांना केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाचा २००७ चा अभ्यास वाचून दाखवला. तेरा राज्यांतला, आपला महाराष्ट्रही त्यात. तीन मुलांमागे दोघांना मारहाण, आणि घरात मार खाणाऱ्यांपैकी ८८.६ टक्क्यांना मारणारे आईबापच. हे म्हणाले, “बघ, सगळेच मारतात.” आता बोला.

मुलीनेच मला अमेरिकेतल्या एल्मायरा गावाचं सांगितलं. तिथे पहिलटकरणींच्या घरी नर्स जायची, गरोदरपणापासून मूल दोन वर्षांचं होईपर्यंत. सरासरी नऊ भेटी बाळंतपणाआधी, तेवीस नंतर. पंधरा वर्षांनी पाहिलं तर मुलांची आबाळ आणि मारहाण यांच्या नोंदी, नर्स न गेलेल्या घरांच्या मानाने, जवळपास निम्म्या. पण ज्या घरात बाईलाच फार मार बसत होता, तिथे या भेटींचा तसा फायदा दिसला नाही. मला हे डब्यातल्या तुरीनेच सांगितलं होतं, वर खर्च काही नाही.

म्हणून मी म्हटलं, बाप आले पाहिजेत. मेळावा सकाळी अकराला ठेवला तर बाप कुठून येणार? पर्यवेक्षिका मॅडम म्हणाल्या वेळ बदलता येत नाही, फोटो पाठवायचे असतात. मी सकाळचे फोटो पाठवले आणि संध्याकाळी सातला मारुतीच्या पारावर वेगळा मेळावा घेतला. अकरा बाप आले. आमचे हेही आले, पण उजेडाच्या बाहेर गाडीवर बसून राहिले. डबा त्यांच्यापर्यंत जायच्या आत गाडीला किक मारून गेले.

आणि एक. आबाळ म्हणजे काय, तर आमच्याकडे कापूस वेचणीच्या दिवसांत आई उजाडायच्या आत शेतात, मजुरी किलोवर, आणि दीड वर्षाचं लेकरू सात वर्षांच्या बहिणीच्या कडेवर. त्या आईला वर्गात बसवून काय शिकवणार? तिला पाळणाघर द्या. हे मी बैठकीत बोलले तर सगळे चहा प्यायला लागले.

तुमच्याकडचा वर्ग कोण घेतंय ते बघून घ्या. एका दिवसाचं भाषण असेल तर जाऊ नका. आठ-दहा आठवडे चालणारा आणि घरी येऊन विचारणारा असेल तर पैसे द्या. आणि हे सगळं साध्या चिडचिडीच्या घरांसाठी. मुलाच्या अंगावर वळ उठत असतील किंवा कोणी वाईट हात लावत असेल तर वर्गाची वाट बघू नका, १०९८ ला फोन करा.

फी जोडप्याची असेल तर फॉर्मवर आधी मिस्टरांचं नाव लिहा.