आजोबांचा वस्तरा आणि काळा पडलेला निसणा

प्रश्न: आजोबांच्या ट्रंकेत घडीचा वस्तरा सापडला. पात्यावर सोलिंगेन कोरलंय, मूठ पांढरी, घरातले सगळे म्हणतात हस्तिदंतच. पात्यावर काळे-तांबडे डाग आहेत. काका म्हणतात ग्राइंडरवाल्याकडे देऊन चकाचक करून आणूया. देऊ का? (फोंडा)

उत्तर: अजिबात नको. काकांना चहा द्या आणि तेवढ्यात वस्तरा कपाटात ठेवा. गंजाने मेलेले वस्तरे मी कमी बघितलेत, चकाचक करण्याच्या नादात मेलेले जास्त. हे पातं कार्बन स्टीलचं, दोन्ही बाजूंनी पोकळ घासलेलं, धारेजवळ कागदासारखं पातळ असतं, ग्राइंडरवर ते डोळा मिटेपर्यंत तापतं आणि 200 अंशांच्या बरंच वर गेलं की त्याचं पाणी उतरतं, निळी झाक दिसली की तेवढा भाग संपला म्हणायचा, मग कितीही धार लावा, टिकत नाही.

काळे डाग राहू देत, ते वयाचे आहेत. तांबडा गंज तेवढा काढायचा. शिवणयंत्राचं तेल लावून एक दिवस ठेवा, मग बारीक स्टील वूलने हळू घासा, आणि हात नेहमी धारेपासून लांब, पाठीच्या बाजूला. पात्यावर सोनेरी अक्षरं किंवा चित्र असेल तर तिथे पॉलिश अजिबात लावू नका, सोनं दोन मिनिटांत पुसलं जातं. मग उजेडात धार बघा. धारेतच खड्डे पडले असतील किंवा बारीक चीर दिसली तर तो शोकेसमध्ये ठेवायचा, गालावर नाही. पात्याच्या पाठीचा कणाही बघा, तो घासून घासून रुंद सपाट झाला असेल तर कुणीतरी दगडावर जोर काढलाय.

आता मूठ. टोकाकडून भिंगाने बघा. एकमेकांना छेदणाऱ्या बारीक वक्र रेघांची जाळी दिसली तर हस्तिदंत, बारीक काळे ठिपके किंवा खाचा दिसल्या तर हाड, आणि लांबीत सरळ समांतर पट्टे एकसारखे धावत असतील तर सेल्युलॉइड, म्हणजे जुन्या काळचं प्लास्टिक. सेल्युलॉइडमध्ये कापूर असतो, अंगठ्याने जोरात चोळून वास घ्या, देवघरातल्यासारखा वास आला की कळलं. तापलेली सुई टोचून बघायला कुणी सांगितलं तर ऐकू नका, ते भकन पेटतं. आणि सेल्युलॉइड म्हातारं झालं की त्यातून आम्लाची वाफ सुटते, पातं आतल्या बाजूने गंजायचं कारण बरेचदा मूठच असते! तशी असेल तर पातं बाहेर काढून ठेवा आणि लाकडाची किंवा शिंगाची मूठ करून घ्या. खरंच हस्तिदंत निघालं तर विकायचा विचार सोडा, आपल्या वन्यजीव कायद्याने त्याचा व्यापार बंद आहे.

सोलिंगेन हे गावाचं नाव, कंपनीचं नाही. 1938 पासून जर्मनीत कायदा आहे की तिथेच बनलेल्या मालावर ते नाव घालायचं, पण शिक्का त्याआधीही वापरात होता, म्हणून नुसत्या नावावरून वय ठरत नाही. बनवणाऱ्याचं नाव किंवा चिन्ह शोधा.

प्रश्न: आमच्या मडगावच्या जुन्या घरात लाकडी पेटीत एक दगड मिळाला, वरून पिवळट, खालून काळपट-निळा. फरशीचा तुकडा म्हणून फेकणार होतो. (मडगाव)

उत्तर: थांबा, थांबा! बहुतेक तो बेल्जियमचा कोटिक्युल, म्हणजे धार लावायचा दगड आहे. आर्डेनच्या डोंगरात, व्हिएलसाल्म गावाच्या आसपास निघतो. पिवळ्या थरात गार्नेटचे सूक्ष्म कण असतात, तेच पोलाद कापतात. हा थर पातळ असतो म्हणून खाली स्लेट चिकटवायचे, कधी दोन्ही थर निसर्गातच जोडलेले मिळतात. पिवळी बाजू वस्तऱ्याची. तिच्यावर पाणी टाका, तेल नाही, आणि त्याच जातीचा छोटा तुकडा घासा, दुधासारखं पाणी सुटायला हवं. त्या दुधावर धार धरायची, मग थेंब थेंब पाणी टाकत ते पातळ करत जायचं आणि शेवटी नुसत्या पाण्यावर हात मारायचे.

वस्तऱ्याला कोन मोजावा लागत नाही हो, कणा आणि धार दोन्ही दगडाला टेकवून ठेवा, झालं. दगडावर धार पुढे, चामड्याच्या पट्ट्यावर कणा पुढे. पट्ट्यावर उलटं केलंत तर पट्टाच कापाल. मी कापलाय, एकदा नाही.

प्रश्न: पणजोबांच्या धोकटीतला निसणा, म्हणजे धार लावायचा दगड, तेलाने पार काळा आणि चिकट झालाय. तेलाखाली पांढरा असावा. कोणता ते कसं ओळखू? (पेडणे)

उत्तर: आधी धुवा. आपल्याकडे सगळ्याला खोबरेल, आणि ते वर्षानुवर्षं साचून गोंद होतं. रात्रभर रॉकेलमध्ये ठेवा, मग भांडी घासायच्या साबणाने ब्रश मारा, दोन-तीनदा करावं लागेल. पांढरा निघाला तर कोपऱ्यावर लिंबाचा रस टाका. बुडबुडे आले तर संगमरवर, कुणीतरी तुमच्या पणजोबांना फसवलंय. नाही आले तर चाकूच्या टोकाने ओरखडा काढून बघा. संगमरवरावर उमटतो, अमेरिकेतल्या आर्कान्सा दगडावर नाही, कारण तो जवळजवळ निव्वळ सिलिका असतो, उलट चाकूच्या पोलादाचीच करडी रेघ राहते. करडा निघाला आणि उन्हात कण चमचमले तर तो कारखान्यातला कार्बोरंडम, कोयत्याला छान, वस्तऱ्याला नको.

प्रश्न: पावसाळ्यात वस्तरा कुठे ठेवू? (साखळी)

उत्तर: चामड्याच्या म्यानात तर मुळीच नाही, चामडं ओल धरतं. बाथरूममध्ये पण नको. दाढी झाली की पुसा, घडीच्या फटीत कागद फिरवा, तेलाचा हात लावा आणि झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या दोन पुड्यांबरोबर ठेवा. जून ते सप्टेंबर दर आठवड्याला उघडून बघा, आपल्या हवेत गंजायला एक आठवडा पण पुरतो.